काळीत घर आणि कागदावर वीस टन

माझ्या मामाचं घर बेळगावच्या वडगावात आहे. पत्त्यात वडगाव, खरं तर येळ्ळूरच्या रस्त्याला, जिथे मी शाळेत असताना भाताची लावण व्हायची आणि पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी बांधांवर चढायचं. घराला नऊ वर्षं झाली. हॉलच्या पश्चिमेकडच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक भेग निघते आणि तिरकी उतरत जोत्याला मिळते. मे महिन्यात तिच्यात पाच रुपयांचं नाणं उभं जातं. गणपतीच्या सुमारास नखही शिरत नाही. दोनदा ती सिमेंटने भरून वर रंग दिला, दोन्ही वेळा पुढच्या शिमग्यापर्यंत परत दिसायला लागली. तिसऱ्या वेळी मी मामाला म्हटलं, आता रंगारी बोलवू नका, आणि भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर लावून चिकटवली. मार्चमध्ये पट्टी मधोमध तडकली. भिंत हलते आहे हे मामीला तेव्हा पटलं. तोवर ती गवंड्याला बोल लावत होती, त्याने सिमेंट कमी घातलं म्हणून.

गवंड्याचं काम चोख होतं. मामाने जपून ठेवलेल्या फाईलीत माती परीक्षणाचा अहवाल आहे: सहा पानं, सगळी इंग्रजीत, शेवटी गोल शिक्का. त्यातली एकच गोष्ट मामापर्यंत पोचली होती, तीही मेस्त्रीच्या तोंडून. दीड मीटर खोलीवर एसबीसी वीस टन. एसबीसी म्हणजे सुरक्षित धारणक्षमता, एक चौरस मीटर माती न खचता किती वजन पेलेल त्याचा आकडा. मी त्याच गल्लीतल्या आणखी दोन घरांच्या फायली मागून घेतल्या. दोन्हींत दीड मीटर, दोन्हींत वीस टन. त्यातलं एक घर नाल्याकडच्या उतारावर आहे, दुसरं रस्त्यालगत उंचावर. तिन्ही ठिकाणी माती उन्हाळ्यात उचललेली.

कोण्या एका प्रयोगशाळेवर राग काढायला मी हे लिहीत नाही. सतरा वर्षं बांधकामावर काढली, त्यात हा वीसचा आकडा मी इतक्या वेगवेगळ्या जमिनींवर लिहिलेला पाहिला आहे की आता तो दिसला की मी आधी खड्डा दाखवा म्हणतो. माझं म्हणणं असं आहे की पायाखालच्या मातीची माहिती रस्ता-पाण्यासारखी सार्वजनिक सोय मानली पाहिजे. सरकारी पैशातून जिथे जिथे बोअर मारून जमीन तपासली गेली, तो प्रत्येक अहवाल कुणालाही बघता यायला हवा. आणि घराची परवानगी देताना कागदावरचा आकडा बघण्याआधी त्या प्लॉटमधला खड्डा बघितला गेला पाहिजे.

आपल्याकडे गावाचे दोन भाग सांगायची रीत होती, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. वस्ती शक्यतो उंचवट्यावर, मुरमाड जागेवर, नाहीतर पिढ्यान्‌पिढ्या घरं पडून-बांधून जिथली माती पांढुरकी होऊन बसली आहे तिथे. सुपीक जमीन पिकाला राखायची हा त्यातला हिशोब होता, आणि पावसाळ्यात काळीत पाय ठरत नाही हा अनुभवही होता. मग शहर वाढलं. गावठाणं भरली, शेतांच्या ३० बाय ४० च्या साईटी पडल्या, काही रीतसर एन.ए. होऊन तर काही नुसत्या बॉण्डवर. वस्ती पांढरीवरून उतरून काळीत आली, पण पाया मात्र पांढरीतलाच राहिला: कमरेएवढं खोदा, दगडांचं सोलिंग करा, जोतं उचला.

बेळगाव जिल्ह्यासारख्या जिल्ह्यात तर एका आकड्यावर विसंबणं सगळ्यात धोक्याचं. पश्चिमेला खानापूर तालुका, कणकुंबीला मलप्रभा उगम पावते तिथला धो धो पाऊस आणि जांभ्याची तांबडी जमीन. मधे शहराच्या उंच भागात तांबडी माती आणि मुरूम, तर शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात काळी. उत्तरेला निपाणीची तंबाखूची काळी. पूर्वेला गोकाकच्या धबधब्याखाली दिसतो तो कठीण वालुकाश्म, आणि त्याच्याही पलीकडे रायबाग-अथणीला कृष्णाकाठची खोल काळी. या सगळ्यात सीमेचा दगड कुठे येत नाही. निपाणीची माती कागलात जाऊन बदलत नाही, आणि चंदगडचा जांभा बेळगावच्या हद्दीत आल्यावर वेगळा होत नाही. १९५६ पासून आपण या सीमेवर भांडत आलो, त्यात माझ्या घरच्यांनीही आपला वाटा उचलला आहे. तरी निदान जमिनीच्या खालच्या नकाशावर दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांनी एकत्र बसायला काय हरकत आहे, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

आता तो वीसचा आकडा येतो कुठून ते बघू. १९४३ साली अभियंते कार्ल टेरझागी यांनी उथळ पायाच्या धारणक्षमतेचं सूत्र मांडलं. आजही कॉलेजात पहिलं तेच शिकवतात, आणि आपलं भारतीय मानक ६४०३ त्याच घराण्यातलं आहे. सूत्रात तीन गोष्टींची बेरीज असते: मातीचा चिकटपणा, पायाच्या भोवतीने दाबून बसलेल्या मातीचं ओझं, आणि पायाखालच्या मातीचं स्वतःचं वजन व घर्षण. चिकणमाती ओली असली की घर्षण जवळपास निघून जातं आणि सगळी भिस्त चिकटपणावर राहते. समजा चिकटपणा चौरस मीटरला ८ टन भरला. चौकोनी फुटिंगसाठी, म्हणजे कॉलमखालच्या पसरट पायासाठी, १.३ (चौकोनी आकाराचा गुणक) गुणिले ५.७ (चिकटपणाचा गुणक) गुणिले ८, म्हणजे ५९ टनांच्या पुढे माती कोलमडते. त्याला तीनचा सुरक्षा गुणक लावला की वीस टन उरतात. मामाच्या अहवालातले वीस ते हेच. आता तीच माती भाताच्या खाचरात दोन महिने पाणी पिऊन बसली आणि तिचा चिकटपणा ३ टनांवर आला, तर त्याच सूत्राचं उत्तर साडेसात टनांच्याही खाली येतं. सूत्र बरोबर आहे. आपण त्याला एप्रिलची माती खाऊ घातली आणि उत्तर मात्र बारा महिन्यांचं समजलो.

हा फरक जागेवर केवढा पडतो? दुमजली घराच्या मधल्या कॉलमवर ४० टन वजन येतं असं धरा. वीस टनांच्या मातीवर दीड मीटर बाय दीड मीटरचं फुटिंग आरामात पुरतं. साडेसात टनांच्या मातीवर त्याच कॉलमला प्रत्येक बाजू सव्वादोन मीटरच्या पुढे न्यावी लागते. घरं धाडकन कोसळत नाहीत याचं श्रेय त्या तीनच्या गुणकाचं. ती हळूहळू बसतात, दारं चौकटीत अडकायला लागतात, फरशी एका कोपऱ्याकडे कलते, पाण्याची पाईप सांध्यात निखळते. आणि एकदा पाईप निखळली की पायाला वर्षभर पाणी मिळायची सोय होते.

इथेच आमच्या धंद्यातले शिकलेले लोक चुकतात, मीही पूर्वी चुकलो आहे. एसबीसी कमी आली की फुटिंग मोठं करायचं, हे सरळ गणित आहे. ते काळ्या मातीत उलटतं. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पातळ पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरलं की माती फुगते, पाणी गेलं की आक्रसते आणि तिला भेगा पडतात. अथणीच्या रानात उन्हाळ्यात ज्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो ती हीच करणी. अशी माती फुगताना पायाला खालून वर ढकलते. वरून दाब भक्कम असेल तर ती दबून राहते. एकमजली हलक्या घराला ती उचलते. आपण फुटिंग जितकं पसरट करू तितका दर चौरस मीटरचा दाब कमी होतो आणि मातीला उचलायला सोपं जातं. म्हणजे या मातीला किती वजन पेलतं हा प्रश्न अर्धाच. ती किती फुगते हा दुसरा अर्धा, आणि मामाच्या सहा पानी अहवालात तो विचारलेलाच नव्हता.

मी तो विचारून पाहिला. मामाच्या भिंतीलगत दीड मीटर खोलीवरची माती काढली, वाळवली, कुटली, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळली. मग दहा-दहा ग्रॅमच्या दोन पुड्या केल्या. शंभर मिलिलिटरच्या दोन नळ्या, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, म्हणून ते तुलनेला. चोवीस तासांनी रॉकेलच्या नळीत मातीचा थर १० च्या खुणेवर बसला होता, पाण्याच्या नळीत १९ वर. मामी दोन्ही नळ्यांकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढीशी माती, ती घर उचलते व्हय?" हिशोबाने फुगवण ९० टक्के. भारतीय मानक १४९८ मध्ये ५० च्या वर गेलेली माती सांभाळून घ्या म्हणून सांगितली आहे आणि १०० च्या पुढची धोक्याची. मामाची माती त्या उंबरठ्याला टेकलेली. या चाचणीला लागतात दोन नळ्या, वाटीभर रॉकेल आणि एक दिवस.

भेग पश्चिमेलाच का, हेही मग उलगडलं. घराच्या मधोमध जमीन झाकलेली राहते, तिथली ओल फारशी हलत नाही. कडेची जमीन ऊन-पाऊस खाते. मामाच्या पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचं ऊन तापतं आणि तिकडे पडवीही नाही. पूर्वेला न्हाणीघर आहे आणि त्याचं पाणी तिथेच मुरतं. एक बाजू उन्हाळ्यात आक्रसून खाली जाते, दुसरी बारमाही फुगलेली. या ओढाताणीत भिंत फाटते, आणि भिंत नेहमी अशक्त जागी, म्हणजे खिडकीच्या कोपऱ्यात फाटते.

यावर उपाय नाहीत असं नाही. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी बल्बसारखे रुंद होणारे अंडररीम्ड पाईल विकसित केले. ते साधारण साडेतीन मीटर खाली, मातीचं फुगणं-आक्रसणं जिथे थांबतं तिथपर्यंत नेतात. आयआयटी मुंबईत प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर मधे घालून खालच्या काळीला आवर घालायची पद्धत दिली. साध्या घराला अनेकदा एवढंही लागत नाही: खाली मुरूम लागेपर्यंत खोदा, घराभोवती मीटरभर रुंद उताराची फरशी करा, न्हाणीचं पाणी आणि शोषखड्डा पायापासून लांब न्या. पण यातलं काहीही करायचं तर पायाखाली काय आहे हे आधी कळलं पाहिजे, आणि घर बांधणाऱ्याला ते कळायची वाट बंद आहे.

खानापूरकडे कथा उलटी, पण शेवट तोच. तिथे वरचा थर एवढा घट्ट असतो की मेस्त्री पहार मारून आवाज ऐकतो आणि म्हणतो, कातळ लागला साहेब, आता काय बघायचं. जांबोटीच्या बाजूला एका कामावर शेजारीच विहिरीचं खोदकाम चालू होतं म्हणून मी त्या खड्ड्याची कड बघितली. वर जेमतेम दीड मीटर चिऱ्याचा थर. त्याखाली पांढरट-गुलाबी, साबणासारखी गुळगुळीत माती, बोट दाबलं की खळगा पडावा अशी. भूशास्त्रात तिला लिथोमार्ज म्हणतात; पाणी पोचलं की तिचा जोर जातो. त्या कामावर प्लेट टेस्ट, म्हणजे जमिनीवर लोखंडी प्लेट ठेवून, वजन वाढवत ती किती खचते ते बघायची चाचणी, झाली होती आणि ती उत्तम उतरली होती. उतरणारच, कारण तीस सेंटिमीटरची प्लेट साधारण आपल्या रुंदीच्या दीड-दोनपट, म्हणजे पन्नास-साठ सेंटिमीटर खोलीपर्यंतच माती चाचपते. दीड मीटरच्या फुटिंगचा दाब तीन मीटरपर्यंत उतरतो. प्लेटने चिऱ्याला विचारलं, इमारत मात्र त्या गुलाबी मातीवर बसणार होती.

ही चूक फार जुनी आहे. कॅनडात ट्रान्सकोना इथे ऑक्टोबर १९१३ मध्ये धान्याचं एक अजस्र कोठार भरता भरता एका बाजूला कलायला लागलं आणि एका दिवसात जवळपास २७ अंश कललं. पायाच्या पातळीवर जमिनीची चाचणी घेतलेली होती आणि ती चांगली आली होती. मऊ चिकणमातीचा थर त्याच्या खाली होता. चाळीसेक वर्षांनी तिथे बोअर मारून तपासलं तेव्हा टेरझागींच्या गणिताशी ते अपयश नीट जुळलं. त्या कोठाराबद्दल आमच्याकडे दरवर्षी परीक्षेत प्रश्न येतो. पुढे नोकरीला लागल्यावर आम्ही प्लेट टेस्टवर सही करतो.

आता सार्वजनिक पैशाचं. कपिलेश्वरचा उड्डाणपूल, तिसऱ्या रेल्वे गेटवरचा पूल, हलग्याजवळ २०१२ साली उभी राहिलेली सुवर्ण विधानसौध, गावोगावच्या पाण्याच्या टाक्या, नद्यांवरचे पूल, शाळांच्या इमारती. अशी कामं जमिनीत बोअर मारल्याशिवाय होत नाहीत. ६३.५ किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून सोडायचा आणि नळी तीस सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजायचं, असं दर दीड-दोन मीटरला, खडक लागेपर्यंत. त्या प्रत्येक बोअरचं एक पान होतं: किती खोलीवर कोणती माती, किती ठोके, पाणी कुठे लागलं. हे पान जनतेच्या पैशाने लिहिलेलं असतं. काम संपलं की ते कुठल्या तरी कपाटात जातं. मी एकदा एका पुलाचा बोअर अहवाल एका कार्यालयात मागितला, तेव्हा सांगण्यात आलं की तो ठेकेदाराचा असतो, आमच्याकडे राहत नाही. पूल सरकारी, पैसे सरकारी, आणि जमिनीची माहिती तेवढी ठेकेदाराची.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये २००५ पासून लिहिलेलं आहे की सरकारी खात्यांनी कुणी मागायची वाट न बघता माहिती आपणहून खुली करायची. बोअरची पानं त्यात बसत नसतील तर काय बसतं? ब्रिटनच्या भूशास्त्रीय संस्थेने दहा लाखांहून अधिक बोअरच्या नोंदी लोकांना बघायला ठेवल्या आहेत. नेदरलँड्समध्ये २०१८ पासून कायदाच आहे की सरकारी संस्थांनी जमिनीखालची माहिती एका राष्ट्रीय नोंदवहीत भरायची. एवढं लांब जायचीही गरज नाही. आपल्याच देशात २०१५ पासून शेतकऱ्याला मातीचं आरोग्य पत्रक मिळतं. बागायत असेल तर अडीच हेक्टरला एक, कोरडवाहू असेल तर दहा हेक्टरला एक नमुना, असं जाळं टाकून नत्र-स्फुरद-पालाशपासून बारा गोष्टी तपासतात. त्याच शेतात उद्या चाळीस घरं उभी राहिली तर त्या मातीचं एकही पत्रक निघत नाही. उसाला काय लागतं हे सरकार विचारतं, तर त्याच जमिनीत जन्माची पुंजी पुरणाऱ्या माणसासाठीही विचारावं.

माझ्या एका तरुण सहकाऱ्याचं म्हणणं वेगळं आहे. तो म्हणतो, अहवाल कशाला शोधता, आता संगणक शिकवता येतो. पायाची रुंदी, खोली, मातीचे गुण दिले की धारणक्षमता तो सांगतो, सूत्रापेक्षाही अचूक. त्याने मला असे शोधनिबंध दाखवले. काम मेहनतीचं आहे, मी ते उडवून लावत नाही. पण त्यातल्या बऱ्याच निबंधांत यंत्र ज्या चाचण्यांवर शिकलं त्या वाळूवरच्या आहेत, आणि त्यातही पुष्कळशा प्रयोगशाळेतल्या हौदात ठेवलेल्या वीतभर पायांच्या. जे यंत्र वाळूत शिकलं ते येळ्ळूरच्या शिवारात ऑगस्टमध्ये काय होतं ते कुठून सांगणार? त्याला आपली काळी, आपला जांभा, आपले दोन ऋतू शिकवायचे तर आपल्याच बोअरची शेकडो पानं लागतील. म्हणजे फिरून आपण त्याच कपाटापाशी येतो. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या बेळगावातच आहे, शहरात अभियांत्रिकीची कॉलेजं आहेत, दरवर्षी मुलं याच जिल्ह्यातली माती आणून तिच्या चाचण्या करतात, आकडे जर्नलात लिहितात, सही घेतात, आणि जर्नल रद्दीत जातं. त्या आकड्यांसोबत नमुन्याची जागा, खोली आणि महिना एवढ्या तीन गोष्टी लिहून ते एका ठिकाणी साठवले असते तर आज तालुक्यांचा नकाशा अर्धा भरला असता.

दोन आक्षेप मी ऐकून घेतले आहेत. पहिला लेआउट पाडणाऱ्यांचा: नकाशावर काळी दिसली की प्लॉटचे दर पडतील. पडू देत. फुगणाऱ्या मातीवरच्या प्लॉटला पायाचा जास्त खर्च येतो, तर तो दरात दिसलाच पाहिजे. आज तो घेणाऱ्याच्या भिंतीवर भेगांच्या रूपाने दिसतो. दुसरा आक्षेप माझ्याच व्यवसायातल्या लोकांचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. नकाशा खुला केला की लोक शेजारच्या बोअरचा आकडा उचलून आपल्या घराला लावतील, खड्डाही खोदणार नाहीत. ही भीती खोटी नाही. पण आज तरी दुसरं काय चाललं आहे? तीन घरांच्या तीन फायलींत वीस टन आहेत, आणि ते तपासून बघायला कुणाच्या हातात काहीही नाही. नकाशा असला तर मामासारखा माणूस निदान एवढं तरी विचारू शकतो की शंभर मीटरवरच्या टाकीच्या बोअरमध्ये सव्वादोन मीटरपर्यंत काळी लिहिली आहे, मग माझ्या अहवालात दीड मीटरवरच काम कसं झालं? नकाशाने अशी शंका विचारता यायला हवी, उत्तर मात्र प्रत्येक प्लॉटच्या खड्ड्यातूनच काढायचं. म्हणून मी दोन्ही एकत्र मागतो. खड्ड्याला जेसीबीचा एक तास लागतो. तीन मीटर खोदा, कडेला टेप लावा, फोटो काढा, फुगवणीची चाचणी करा, आणि अभियंत्याने खोलीवार माती लिहून त्याखाली सही करावी. शक्य असेल तिथे पावसाळा संपताना खोदा, कारण तेव्हा माती खरं बोलते. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: दीड मीटरच्या पुढे आधार न लावलेल्या खड्ड्यात कुणी उतरू नका. काळी माती भिंतीसारखी उभी दिसते आणि सूचना न देता कोसळते.

आणि ते पान ज्याला वाचायचं आहे त्याच्या भाषेत असू द्या. आमच्याकडे परवानगीचे कागद कन्नडमध्ये, अहवाल इंग्रजीत, आणि खड्ड्यात उभा असलेला मेस्त्री वाचतो मराठी. त्याच्या जोडीचा मजूर बैलहोंगलचा असेल तर तो कन्नड वाचतो. एका पानावर दोन्ही भाषांत चार ओळी लिहायला किती वेळ लागतो? "इथे दोन मीटरपर्यंत काळी, फुगणारी. पाया मुरमावरच." हे साईटवर फळ्यावर लिहिलं असतं तर मामाच्या मेस्त्रीने दीड मीटरवर हात थांबवलाच नसता, तो प्रामाणिक माणूस आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय सगळ्याच चढल्या, आणि जिल्ह्यात मातीच्या भिंतींची घरं ओळीने बसली. पूर्ण पडलेल्या घराला राज्य सरकारने पाच लाख रुपये जाहीर केले. मदत मोठी होती, अनेकांना तिचाच आधार झाला. हप्ता मिळायला टप्प्याटप्प्याचे फोटो लागायचे: पाया झाला, लिंटेल झालं, स्लॅब पडला. मी नात्यातल्या एका घराच्या वेळी ते बघितलं. पायाचा फोटो जोत्याच्या उंचीवर उभं राहून काढला. पाया किती खोल गेला, कशावर बसला, हे त्या फोटोत दिसणं शक्यच नव्हतं, कारण तोवर खड्डा बुजला होता. त्याच यंत्रणेत, त्याच मोबाईलवर, खड्डा उघडा असताना टेप लावलेला एक फोटो जास्त मागितला असता तर एक पैसाही जादा लागला नसता, आणि हजारो उघड्या खड्ड्यांची जागेसकट नोंद आपोआप तयार झाली असती. जिथे नदी चढते त्याच काठावर, त्याच मातीत लोकांनी पुन्हा घरं बांधली, आणि खाली काय आहे ते बघायची ती संधी गेली. पुढच्या योजनेत ती घेता येईल.

मामाचं घर आता मोकळं करून पाया उचलणं परवडणारं नाही. आम्ही पश्चिमेला रुंद फरशी केली, पन्हळीचं पाणी लांब सोडलं, न्हाणीची पाईप बदलली. भेग पूर्वीपेक्षा कमी उघडते. नवी काचेची पट्टी अजून सलग आहे.

एप्रिलमध्ये मामाच्या मागच्या मोकळ्या प्लॉटचे मालक घर बांधायचं म्हणून भेटायला आले. हातात अहवाल होता, वीस टनांचा. मी त्यांना म्हटलं, काका, आधी जेसीबी बोलवा. वरचा फूटभर भराव निघाला, मग काळी, ढेकळं अशी की बादलीला खण्‌ खण्‌ लागत होती, आणि भेगा पार दीड मीटरपर्यंत गेलेल्या. खाली चुनखडीचे खडे दिसायला लागले. दोन मीटर दहावर रंग पिवळट झाला, दोन मीटर साठला मुरूम लागला आणि पहार वाजली. काकांनी खड्ड्याच्या काठावर बसून हे सगळं आपल्या मुलीच्या वहीच्या पानावर मराठीत लिहून घेतलं, खोली, माती, तारीख, आणि मला खाली सही करायला लावली. मग समोरच्या दुकानातून तीन झेरॉक्स काढून आणल्या. एक त्यांच्या फाईलीत, एक माझ्याकडे, आणि तिसरी शेजारच्या प्लॉटवाल्यासाठी, त्याचं खोदकाम दिवाळीनंतर सुरू व्हायचं आहे.